पांझरेच्या खोऱ्यात पाण्यामागून: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

धुळ्याच्या पुलावरून पांझरा पाहिली तर वर्षातले कितीतरी महिने डोळ्यांत भरावं असं काही दिसत नाही. रुंद पात्र, मधे कुठेतरी पाण्याची बारीक धार, कडेला माजलेलं गवत आणि शहराचा कचरा. एवढं बघून पुढे सुरतेच्या नाहीतर इंदूरच्या रस्त्याला लागणारेच जास्त. पण वर्षाला जेमतेम सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात साक्री-धुळे पट्ट्यातली गावं पिढ्यान्‌पिढ्या बागायत करत आली ती याच नदीच्या जिवावर. ते कसं जमलं हे समजून घ्यायचं तर पात्रात उतरून उपयोग नाही; पात्रातून काढलेल्या पाटांवर चालावं लागतं. किल्ले, देवळं वाटेत येतील तेव्हा येतील. या खोऱ्यात पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी पाण्यामागून जावं, असं माझं मत आहे आणि पुढचं सगळं त्याच बेताने लिहिलं आहे.

निघण्याआधी: नकाशा नीट बघा

पांझरा धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पश्चिमेकडच्या सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावते. तिथून ती पूर्वेला वाहते, धुळे शहरातून जाते, मग उत्तरेकडे वळते आणि शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे तापीला मिळते. सगळी मिळून लांबी साधारण १३५ ते १४० किलोमीटर. गंमत अशी, की गुजरातच्या सीमेलगतच्या डोंगरांवर पडलेलं पाणी आधी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला येतं, मग तापीतून उलट पश्चिमेला फिरतं आणि सुरतेपाशी अरबी समुद्राला मिळतं. कान आणि जामखेली या तिच्या उपनद्या. साक्री गाव कानच्या काठी आहे, पांझरेच्या नाही. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो.

मोबाईलवर उपग्रहाचं चित्र उघडा आणि पिंपळनेरपासून नदीच्या कडेकडेने धुळ्यापर्यंत या. नदीला लागून हिरवा पट्टा दिसेल. त्याची बाहेरची कड नीट बघा. कित्येक ठिकाणी ती सुरीने कापल्यासारखी असते: एका बाजूला दाट हिरवं, दुसऱ्या बाजूला एकदम तपकिरी. ती कड म्हणजे पाट. पाटाच्या खालच्या अंगाला, म्हणजे नदीच्या बाजूला, पाणी आपोआप उतरतं. वरच्या अंगाला ते चढत नाही. जायचं कुठे हे त्या रेघेवरून ठरवा. चार-पाच गावांची नावं टिपून ठेवा. तिकडे काही ठिकाणी मोबाईलची रेंज दगा देते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घेतलेला बरा.

त्याच चित्रात आणखी एक गोष्ट दिसेल: साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या, लांबच लांब, अरुंद, सरळ टेकड्या. कुणी बांध घालून ठेवावेत तशा. या बेसाल्टच्या भित्ती आहेत, भूगर्भशास्त्रातल्या डाईक. दख्खनचा लाव्हा बाहेर आला त्या काळात जमिनीला पडलेल्या भेगांत तो थिजला आणि आजूबाजूचा खडक झिजल्यावर भिंतीसारखा उघडा पडला. धुळे-नंदुरबार भागात त्यांचं दाट जाळं आहे. जमिनीखालच्या पाण्याला काही भित्ती अडवतात, काही वाट देतात. म्हणून एकाच शिवारात एका विहिरीला मार्चपर्यंत पाणी आणि शंभर पावलांवरची दुसरी दिवाळीलाच कोरडी, असं ऐकलंत तर तो निव्वळ नशिबाचा खेळ समजू नका.

कधी जावं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. यात माझ्या मते वाद नाही. पाऊस संपलेला असतो, रब्बी उभी असते, पाट वाहत असतात. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागवड जोरात चालते आणि वाफ्यांमध्ये पाणी भरण्याचं काम सकाळपासून दिसतं. धुळ्याच्या थंडीला मात्र हलकं लेखू नका. पहाटे पारा दहा अंशांखाली उतरतो आणि दुपारी पुन्हा सदऱ्यावर फिरावंसं वाटतं.

पावसाळ्यात खरीप असतं. बाजरी, मका, कापूस, भुईमूग यांनी शिवार भरलेलं दिसतं, पण पाटाच्या पाण्याची गरज तेव्हा कमी असते आणि नदीकाठच्या वाटा चिखलाच्या होतात. धरणांतून पाणी सोडलं की नदी थोड्या वेळात चढते. डोंगरांकडे जायचं असेल तर मात्र ऑगस्ट-सप्टेंबर सुरेख.

मार्च सरला की उन्हाचा तडाखा सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये ४२ अंश ही रोजची गोष्ट. त्या दिवसांत जायचंच झालं तर सकाळी दहाच्या आत फिरणं संपवा. उन्हाळ्याचा एक फायदा आहे खरा: पाणी नसलेला पाट, उघडा पडलेला बंधारा आणि त्याची बांधणी तेव्हा नीट पाहता येते. ज्याला दगडकामात रस आहे त्याने मुद्दाम याच दिवसांत जावं.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन मोठ्या रस्त्यांच्या चौकात बसलेलं शहर आहे, त्यामुळे एसटी कुठूनही मिळते. नाशिकहून साधारण १६० किलोमीटर. रेल्वेने यायचं तर चाळीसगावला उतरा. तिथून धुळ्याला फाटा जातो. धुळ्याहून सुरत रस्त्याने कुसुंबा आणि नेर ही पांझरेकाठची गावं लागतात, पुढे साक्री, आणि साक्रीहून वेगळा रस्ता पिंपळनेरला जातो. धुळे-साक्री साधारण ५५ किलोमीटर, तिथून पिंपळनेर आणखी पंचवीसेक.

राहण्याची सोय धुळ्यात सगळ्यात चांगली, साक्री आणि पिंपळनेरला साधी लॉजं. मी म्हणेन पहिली रात्र पिंपळनेरला काढा. धुळ्यात राहिलं की सकाळचे दोन तास रस्त्यातच जातात, आणि पाण्याची कामं तर सकाळीच चालतात. एसटीने फिरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. गावोगावच्या फेऱ्या मात्र सकाळ-संध्याकाळच भरवशाच्या. मधल्या वेळात रिक्षा किंवा कुणाची दुचाकी शोधावी लागते. चार जण असाल तर दिवसभरासाठी गाडी ठरवणंच परवडतं.

पहिलं काम: बंधाऱ्यावर उभं राहा

पिंपळनेरला लागून असलेल्या सामोड्यापासून सुरुवात करता येईल. फड बागायतीसाठी, म्हणजे नदीचं पाणी बंधाऱ्याने पाटात वळवून गावाने मिळून केलेल्या बागायतीसाठी, ते जुनं नावाजलेलं गाव. गावात कुणालाही 'फडाचा बंधारा कुठे?' असं विचारा. नुसता 'बंधारा' म्हणालात तर अलीकडच्या फळ्या टाकायच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याकडे, ज्याला तिकडे सरसकट केटी वेअर म्हणतात, बोट दाखवतील. तो वेगळा. केटी वेअर पाणी अडवून साठवतो. फडाचा बंधारा पाणी फक्त थोडं उचलतो आणि बाजूला वळवतो. उरलेलं त्याच्या डोक्यावरून पुढच्या गावाला जातं.

ही पद्धत तीनशे-चारशे वर्षांपासूनची मानली जाते. तापीच्या खोऱ्यातल्या तीन नद्यांवर ती मुख्यतः रुजली: पांझरा, मोसम आणि आरम. धुळे आणि नाशिक या दोन जिल्ह्यांत. एकाच नदीवर एकाखाली एक असे बंधारे आहेत, आणि वरच्याने सगळं पाणी ओढलं तर खालचा कोरडा पडणार हे उघड आहे. त्यामुळे गावागावांत पाण्याची समजूत असावीच लागे. आजही चहाच्या टपरीवर 'वरच्या गावाने' असं सुरू होणारं वाक्य ऐकलंत तर विषय बहुधा पाण्याचाच असतो.

बंधाऱ्यावर पोचल्यावर लगेच फोटो काढू नका. आधी तीन गोष्टी शोधा. बंधारा बांधायला हीच जागा का निवडली, ते बघा. पायाशी खडक दिसतो का? मग पाटाचं तोंड कुठल्या काठाला आहे ते पाहा. आणि जास्तीचं पाणी परत नदीत सोडायची सोय कुठे आहे, तेही. या सोयीला सांडम म्हणतात. ती पाटावरही पुढे ठिकठिकाणी असते. पुराचं पाणी पाटात घुसलं तर पाट फुटायच्या आत ते बाहेर पडावं म्हणून.

भिंतीवरून चालण्याचा मोह आवरा. दगडावर शेवाळ असतं, आणि खालच्या अंगाला पाण्याने खोदलेला डोह किती खोल आहे ते वरून कळत नाही. मुलं बरोबर असतील तर हात धरूनच ठेवा.

दुसरं काम: पाटाने चालत जा

सगळ्या सहलीतला हाच भाग मला सगळ्यात आवडतो आणि नेमका हाच बहुतेक लोक टाळतात, कारण नकाशात पाटाला 'पाहण्यासारखं ठिकाण' म्हणून खूण नसते.

फडाचे पाट २ ते १२ किलोमीटर लांब असतात. तोंडापासून दोन-तीन किलोमीटर चाललात तरी पुरे. पाटाच्या कडेने देखभालीसाठी पायवाट असते. चालताना नदीकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला नदी आणि पाट अगदी शेजारी असतात. थोडं पुढे गेलं की नदी खाली-खाली जाते आणि पाट जणू वर चढतो. तो चढत नाही, अर्थातच. नदीचा उतार जास्त, पाटाचा अगदी कमी. म्हणून दोघांत अंतर पडत जातं आणि त्या दोघांच्या मधली जमीन भिजते. पंप नाही, वीज नाही, डिझेल नाही. पाटाचा उतार थोडा जास्त झाला तर पाणी माती खरवडतं, थोडा कमी झाला तर गाळ बसतो. दुर्बीण लावून मोजणारे अभियंते येण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी हे बरोबर साधलं आहे. एका पाटाची वहनक्षमता सेकंदाला साधारण साडेचारशे लिटर धरतात.

पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून शेतात नेणारे सारंग. चारीचं तोंड माती-दगडाने बंद केलेलं दिसेल किंवा उघडं असेल. त्याला हात लावू नका, गंमत म्हणूनही नाही. तिथला एक दगड सरकवला तर कुणाची तरी पाळी हुकते, आणि त्यावरून होणारं भांडण तुम्ही मुंबई-पुण्याला पोचलात तरी संपलेलं नसतं.

पाट गाळाने भरलेला दिसला तर त्याचंही कारण आहे. गाळ काढणं, फुटलेली कड लिंपणं हे काम वर्षातून एकदा लाभधारकांनी मिळून करायची रीत. ती जिथे टिकली आहे तिथला पाट नुसता पाहूनही ओळखता येतो. टिकली नाही तिथे झुडपं पाटात उतरलेली असतात आणि शेवटच्या शेतांत इंजिनाची फटफट ऐकू येते.

तिसरं काम: फड समजून घ्या

पाटाखालच्या कायम बागायतीचे मोठे भाग पाडलेले असतात, बहुतेक चार. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एक फड १० हेक्टरपासून २०० हेक्टरपर्यंत असू शकतो. सरासरी शंभर-सव्वाशे हेक्टर. एका फडात एकाच प्रकारचं पीक. एका किंवा दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, आणि कुठला फड यंदा पडीक ठेवायचा हेही गाव मिळून ठरवणार. पुढच्या वर्षी पिकं फिरतात.

शहरातून आलेल्या माणसाला हे ऐकून पहिल्यांदा वाटतं की ही जबरदस्ती झाली. माझ्या शेतात काय पेरायचं ते गाव कोण ठरवणार? थोडं थांबून विचार केला की हिशेब कळतो. शेजारी-शेजारी ऊस आणि हरभरा असेल तर पाणी कोणाच्या गरजेने सोडायचं? उसाच्या बेताने सोडलं तर हरभरा सडेल, हरभऱ्याच्या बेताने सोडलं तर ऊस वाळेल. सगळ्या फडात एकच पीक असलं की एका टोकाकडून सुरू करून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पाणी देता येतं, वाया कमी जातं. पीक फिरल्याने जमिनीचा कस राहतो, आणि सतत पाणी मुरून ती खारवट, चोपण होण्याचा धोकाही कमी होतो. जुन्या खातेदारांची शेतं वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असायची. त्यामुळे पाणी कमी आलं आणि एखादा फड वगळावा लागला, तर झळ थोडीथोडी सगळ्यांनाच लागे. एकट्याचंच घर बसलं असं होत नसे.

पाणी देण्याचं काम शेतकऱ्याचं नाही, पाटकऱ्याचं. तो गावाने नेमलेला माणूस. त्याने पाळीप्रमाणे शेत भिजवायचं आणि पुढे जायचं. मालकाने स्वतः चारी फोडायची नाही. पिकावर गुरं पडू नयेत म्हणून जागल्या, आणि या सगळ्यांवर देखरेखीला हवालदार. त्यांचा मोबदला पूर्वी धान्याच्या रूपात खळ्यावरूनच जाई. पाटकरी भेटला तर त्याच्याबरोबर अर्धा तास फिरा. कुठल्या शेताला किती वेळ लागतो, कुठे पाणी जिरतं, कुणाचा वाफा सपाट नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

सगळीकडे असंच चालतं असं समजून मात्र जाऊ नका. विहिरी झाल्या, विजेचे पंप आले, वर धरणं झाली. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला फडाच्या नियमाची गरज उरली नाही. तो त्याला परवडेल ते पीक घेतो. नदीतली वाळू उपसली गेली तसं पात्र खाली गेलं, आणि पात्र खाली गेलं की बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो. काही गावांत फड जोरात आहे, काहींत नावापुरता, काहींत पाट बुजून त्यावर रस्ता झालेला. माझा सल्ला असा की एक चालू असलेला आणि एक मोडलेला, असे दोन्ही फड बघावेत. पहिल्यात काय काय लागतं ते दुसऱ्यात गेल्यावरच लक्षात येतं.

लोकांशी बोलताना

खोऱ्यात घरोघरी अहिराणी बोलतात. तुमचं मराठी सगळ्यांना कळतं, त्यांचं अहिराणी तुम्हाला पहिल्या दिवशी निम्मं कळेल. म्हाताऱ्या माणसाला आबा किंवा बापू, मधल्या वयाच्याला दादा किंवा भाऊ, बायकांना ताई किंवा माय म्हणा. रामराम करून, कुठून आलात ते सांगून मग विषय काढा. पश्चिमेकडे पिंपळनेरच्या पुढे गेलात की कोकणी, भिल्ल, मावची या आदिवासी जमातींच्या वस्त्या लागतात. तिथे भाषाही बदलते आणि अनोळखी माणसाबद्दलचा संकोचही जास्त असतो.

विचारायचं काय? 'यंदा कोणत्या फडात काय आहे?' हा चांगला पहिला प्रश्न. 'पाळी किती दिवसांनी येते?' हा दुसरा. आणि 'शेवटच्या शेताला पाणी पोचतं का?' हा खरा प्रश्न, पण तो गप्पा रंगल्यावर. उत्तर पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेतकऱ्याकडून एक मिळेल, शेपटीकडच्याकडून दुसरं. दोन्ही ऐका आणि वाद घालू नका. पाणी कोण चोरतं हे मात्र पाहुण्याने विचारू नये.

शेतात काम करणाऱ्या बायकांचे न विचारता फोटो काढणं हा तर सरळ उद्धटपणा झाला. वाफ्याच्या बांधावरून चाला, वाफ्यातून नाही. नुकतंच पाणी दिलेल्या जमिनीत पाय घातला तर रोपं तुटतात. हरभऱ्याचे डहाळे उपटून खायची इच्छा होईल. मागा, कुणी नाही म्हणणार नाही. न मागता उपटू नका. कापसावर फवारणी चालू असेल त्या शेतापासून लांब राहा.

जेवायला थांबवलं तर थांबा. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा मिळाला तर नशीबवान समजा. हिवाळ्यात वांग्याचं भरीत असतंच. धाब्यांवरची शेवभाजी तिखट असते आणि 'कमी तिखट' म्हणून सांगितल्यावरही ती तिखटच येते. श्रावणात गेलात, तर नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई हिचा उत्सव असतो. त्या दिवशी शेताकडे कुणी सापडायचं नाही, सगळं घरी.

डोंगराकडे, धरणांकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या अंगाला जा. पांझरेवर लाटीपाडा, जामखेलीवर जामखेली आणि कानवर मालनगाव अशी धरणं आहेत. खाली, साक्री आणि धुळ्याच्या मधे अक्कलपाड्याचं निम्न पांझरा धरण. नदीत आता पाणी किती आणि कधी येणार हे बऱ्याच अंशी या धरणांच्या आवर्तनांवर ठरतं. धरणाच्या भिंतीवर जायला आणि तिथे फोटो काढायला परवानगी लागते. फाटकावर विचारा, नाही म्हटलं तर काठावरून बघा. ड्रोन तर परवानगीशिवाय उडवायचाच नाही.

पिंपळनेरच्या पश्चिमेच्या डोंगरी भागात बारीपाडा हे आदिवासी गाव आहे. गावकऱ्यांनी राखून वाढवलेलं जंगल आणि रानभाज्यांची दरवर्षीची स्पर्धा यांमुळे ते प्रसिद्धीला आलं. त्या कामाचं नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. खाली बंधाऱ्यावर हिवाळाभर पाणी वाहतं त्याचा संबंध वरच्या झाडीशी कसा आहे, हे तिथे उभं राहिल्यावर निराळं समजावून सांगावं लागत नाही. आधी कळवून जा. ते गाव म्हणजे पर्यटनस्थळ नाही, लोकांची घरं आहेत.

साक्रीच्या आसपासच्या पठारांवर पवनचक्क्या दिसतील. ब्राह्मणवेलचा पवनऊर्जा प्रकल्प त्यांतला मोठा. ज्यांना किल्ला चढल्याशिवाय सहल झाली असं वाटत नाही त्यांच्यासाठी भामेर आहे, निजामपूरजवळ. अर्धा दिवस पुरतो.

खाली धुळ्याकडे

परतीच्या वाटेवर कुसुंबा-नेर भागात पुन्हा नदीकाठी उतरा. इथे खोरं रुंद झालेलं असतं, काळी जमीन खोल असते, आणि वरच्या सामोड्याकडचा अरुंद पट्टा आठवला की फरक जाणवतो. एक माहिती इथे सांगावीशी वाटते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, आणि त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांत खानदेशातलं पांझरेच्या फाट्यापलीकडे नळाने पाणी नेण्याचं सायफनचं काम होतं. पुढे त्यांनी देशभर पाण्याची मोठी कामं केली, पण उमेदवारी केली ती याच खोऱ्यात.

धुळ्यात दोन-तीन तास ठेवा. जुनं धुळे नदीकाठी. नव्या धुळ्याचे सरळ रस्ते कॅप्टन जॉन ब्रिग्जने १८१९ साली आखले. नदीकाठचं एकवीरा देवीचं देऊळ पाहा. राजवाडे संशोधन मंडळ, स्थापना १९२७, हे जुन्या कागदपत्रांत रमणाऱ्यांसाठी. सुटीचा दिवस आधी विचारून घ्या. शहराबाहेर आग्रा रोडवर लळिंगचा किल्ला आहे. वरून पाहिलं तर सगळा माळ कोरडा आणि मधून वाकडीतिकडी हिरवी पट्टी, असं दृश्य हिवाळ्यात स्वच्छ दिसतं.

वेळ असेल तर बेटावदजवळच्या मुडावदपर्यंत जा. तिथे पांझरा तापीला मिळते आणि संगमावर कपिलेश्वराचं देऊळ आहे. गर्दी टाळायची तर महाशिवरात्र सोडून कुठलाही दिवस.

पिशवीत काय

प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, बंद बूट. उन्हाळी चप्पल घालून पाटाच्या कडेने जाऊ नका. साप असतात आणि बाभळीचे काटे तर सगळीकडे. जाड काठी असली तर उत्तम. पहाटेसाठी स्वेटर. गावांत रोख पैसे थोडे ठेवा, जरी आता टपरीवरही मोबाईलने पैसे घेतात. पश्चिम साक्रीत उसाच्या शेतांत बिबटे वावरतात, म्हणून अंधार पडल्यावर शिवारात थांबायचं नाही आणि उसात एकट्याने कधीच शिरायचं नाही. पावसाळ्यात नदीवरच्या फरशीपुलावर पाणी असेल तर गाडी घालू नका, पुढची जीप गेली तरीही.

एक दिवस जास्त असेल तर

पिंपळनेरहून दक्षिणेला शेलबारी घाट ओलांडला की ताहाराबाद येतं आणि तुम्ही मोसमच्या खोऱ्यात, नाशिक जिल्ह्याच्या बागलाणात उतरता. हीही फडांची नदी, आणि पलीकडची आरमही. पण इथे डाळिंब, द्राक्षं आणि कांद्याने शिवाराचं रूप पालटलं आहे. ठिबकच्या नळ्या आणि शेततळी जागोजाग. पांझरेकडचा फड पाहून लगेच इकडे आलात तर एकाच पद्धतीचं दोन खोऱ्यांत काय काय झालं ते एका दिवसात दिसतं. याच बाजूला मांगी-तुंगीचे सुळके आणि साल्हेरचा किल्ला आहे, उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच. साल्हेर चढायचा तर तो दिवस पूर्ण त्याचाच. पाट आणि किल्ला एकाच दिवशी बसवायला जाऊ नका. ताहाराबादहून सटाण्यामार्गे नाशिकला बस आहेत, म्हणजे परत धुळ्याला यायचीही गरज नाही. फक्त शेवटची गाडी किती वाजता, ते सकाळीच स्टँडवर विचारून ठेवा.